‘व्हय म्हाराजा’ आणि स्वल्पविराम

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या मराठी लेखनाविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून जी वाचकपत्रे येतात, त्यांत बहुधा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची तक्रार असते. माझी तक्रार थोडी वेगळी आहे आणि ती मुलांविषयी नाही. देवगड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत मी तीस वर्षांहून अधिक काळ पहिली ते चौथीचे वर्ग शिकवले. निवृत्तीनंतर आता आमच्या पडवीत तिन्हीसांजेला वाडीतली पाच-सहा मुले वह्या घेऊन बसतात. गेल्या आठवड्यात त्यांच्यातील चौथीच्या एका मुलाची वही मी चाळत होते. एका पानावर वाक्यांच्या प्रकारांचा तक्ता होता: विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी आणि आज्ञार्थी, प्रत्येकाची व्याख्या, प्रत्येकाची दोन उदाहरणे आणि खाली लाल शाईत ‘छान’ असा शेरा. पान उलटले, तर ‘आमच्या बंदरावरची सकाळ’ हा पानभर निबंध. त्यात एकही स्वल्पविराम नव्हता, पूर्णविराम एकच होता, आणि तोही पान संपले म्हणून दिलेला. मजकूर मात्र झकास होता. होड्या कशा लागतात, पाटीत बर्फ कसा घालतात, लिलाव पुकारणारा माणूस आकडा कसा चढवत नेतो, हे सगळे त्याने डोळ्यांनी पाहिलेले होते. ज्या मुलापाशी सांगण्याजोगे इतके आहे, त्याला ते कुठे थांबत, कुठे पुढे जात सांगावे हे आपण शिकवले नाही; थांब्यांची नावे तेवढी पाठ करून घेतली.

वाक्यांचे प्रकार शिकवण्याची आपली रूढ रीत खुणेवरून ओळखण्याची आहे. ‘काय, कोण, कुठे, केव्हा, किती यांपैकी शब्द आला की वाक्य प्रश्नार्थी’ असे सर्रास सांगितले जाते, मीही कित्येक वर्षे सांगितले, आणि ते खरे नाही. ‘किती बांगडे मिळाले?’ हा प्रश्न आहे, ‘किती बांगडे मिळाले!’ हा उद्गार आहे आणि ‘किती बांगडे मिळाले ते बाबांनी आईला सांगितले नाही’ हे सरळ विधान आहे. तिन्ही ठिकाणी ‘किती’ तोच. मूल शब्दाकडे पाहील तर तिनांतून दोनदा चुकेल. बोलणाऱ्याला काय हवे आहे याकडे पाहील तर सहसा चुकणार नाही. ‘काय पाऊस पडला काल!’ याला उत्तर देण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही, हे पहिलीतल्या मुलालाही कळते, पण वहीत त्याच वाक्यापुढे तो इमानेइतबारे प्रश्नचिन्ह काढतो, कारण व्याख्येत ‘काय’ आहे.

उलट, ज्या प्रश्नात प्रश्नार्थक शब्दच नसतो, तो त्याच्या हातून हमखास निसटतो. आमच्याकडची मुले घरी मालवणी बोलतात आणि मालवणीत पुष्कळ प्रश्न नुसत्या सुरावर चालतात. ‘तू जेवलंस?’, ‘उद्या शाळा आसा मां?’ या ‘मां’चा सूर वर गेला की प्रश्न, खाली बसला की स्वतःचीच घातलेली समजूत. प्रमाण मराठीतल्या ‘ना’चेही तसेच आहे. आई ‘पाय धुतलंस’ असे म्हणते तेव्हा ती विचारते आहे की नुसते बोलून दाखवते आहे, हे मुलाला आवाजावरूनच कळत आलेले असते, आणि ते न कळल्यास काय होते हेही त्याला ठाऊक असते. कागदावर हा सूर उतरत नाही. तिथे त्याची सगळी जबाबदारी त्या एका आकडेदार चिन्हावर येते, आणि हे चिन्ह म्हणजे आपल्याच आवाजाची खूण आहे, असे मुलाला कोणी सांगितलेलेच नसते. त्याच्या लेखी ते गुण मिळवून देणारे एक चित्र असते.

‘आज्ञार्थी’ या नावाने तर माझी एकदा चांगलीच पंचाईत केली. तिसरीच्या वर्गात मी ‘देवा, सर्वांना सुखी ठेव’ हे वाक्य आज्ञार्थीच्या रकान्यात लिहिले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘‘बाई, देवाक आज्ञा कोण करता?’’ हुकूम, विनंती, उपदेश, प्रार्थना आणि आशीर्वाद हे सगळे व्याकरणात या एकाच नावाखाली नांदतात, हे मला ठाऊक होते. पण फळ्यावर ‘आज्ञा’ हा शब्द पाहिल्यावर तिने त्याचा जो अर्थ घेतला, तोच कोणीही शहाण्या मुलाने घेतला असता. तिला उत्तर देताना मला गावातले गाऱ्हाणे आठवले, आणि त्या दिवसापासून माझा वाक्यप्रकारांचाच नव्हे, तर स्वल्पविरामाचा पाठही बदलला.

गाऱ्हाणे म्हणजे काय, ते कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. जत्रेला, देवळातल्या कार्याला किंवा एखाद्या शुभकामाच्या आरंभी गावचा मानकरी देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणे मागतो आणि त्याचे एकेक मागणे पुरे झाले की जमलेली मंडळी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मी फळ्यावर आमच्या शाळेचे एक गाऱ्हाणे लिहिले, मुद्दाम एकही चिन्ह न देता: ‘बा देवा म्हाराजा आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत तेंच्या हातसून काय चूकभूल झाली आसात तर ती पोटात घाल तेंची पाटी दप्तार छत्री सांभाळ शाळेच्या कवलांतसून गळणारा पाणी थांबव आणि परीक्षेत सगळ्यांका पास कर’. एक मुलगा मानकरी झाला आणि बाकीचा वर्ग गावकरी. पहिल्या खेपेला गोंधळ उडाला. ‘तेंची पाटी’ एवढे म्हणून मानकरी श्वासापुरता थांबला, तोच अर्ध्या वर्गाने ‘व्हय म्हाराजा’ ठोकून दिले, आणि तो चिडून म्हणाला, ‘‘अजून माझा मागून खंय झाला?’’

व्याकरणाचा याहून नेमका नियम मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. मागून झाल्याशिवाय ‘व्हय’ नाही, मग मध्ये दम लागो की ठसका लागो. दुसऱ्या खेपेला जिथे जिथे ‘व्हय म्हाराजा’ आले, तिथे तिथे मी खडूने स्वल्पविराम देत गेले. ‘पाटी’, ‘दप्तार’, ‘छत्री’ यांच्यामध्ये ‘व्हय’ येत नाही, पण जीभ किंचित टेकते, हे मुलांनीच सांगितले, तेव्हा तिथेही स्वल्पविराम पडले. हे दोन थांबे सारख्या तोलाचे नाहीत हेही त्यांना जाणवले. मोठ्या थांब्याच्या जागी अर्धविराम देतात ही गोष्ट मी पुढच्या इयत्तेसाठी राखून ठेवली. सर्वांत मोठा वाद झाला तो ‘बा देवा म्हाराजा’ या हाकेवर. तिथे ‘व्हय’ म्हणता येत नाही, मग थांबायचे कशाला, असे एका बाजूचे म्हणणे. अखेर, हाक मारल्यावर देवाला वळून पाहायला वेळ दिला पाहिजे, असे ठरले आणि संबोधनानंतरचा स्वल्पविराम वर्गाने बहुमताने मंजूर केला. आज्ञेचा प्रश्न विचारणारी ती मुलगी शेवटी म्हणाली की ‘पोटात घाल’ आणि ‘दार लाव’ यांत क्रियापद एकाच तऱ्हेने चालते, फक्त तोंड वेगळे करावे लागते. मला आज्ञार्थीविषयी अधिक काही सांगायचे उरले नाही.

हा प्रसंग इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की ‘स्वल्पविराम म्हणजे दम घेण्याची जागा’ ही समजूत अजूनही सर्वत्र आहे. पहिलीत ती चालूनही जाते. पुढे मात्र दमावर विसंबलेले मूल ‘माझ्या मामाच्या गावातली ती मोठी विहीर, आटली’ असे लिहून कर्त्याची क्रियापदापासून ताटातूट करते. वाक्य लांब असले की ते संयुक्त, हा याच समजुतीचा धाकटा भाऊ. ‘बाबा पहाटे उठून जाळे खांद्यावर टाकून बंदरावर जाऊन होडीत बसले’ हे केवल वाक्य आहे, कारण त्यात पुरे झालेले काम ‘बसले’ हे एकच आहे आणि ‘उठून’, ‘टाकून’, ‘जाऊन’ ही सगळी पुढच्या कामाची वाट पाहत थांबलेली आहेत. तिथे स्वल्पविराम दिला तर बिघडत नाही, न दिला तरी अर्थ अडत नाही. उलट ‘बाबा उठले आणि आई उठली’ हे पाचच शब्दांचे असून संयुक्त आहे. मुलांना पुऱ्या क्रियापदाखाली रेघ मारायला सांगितली की हे तिसरी-चौथीत सहज जमते. ‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’, ‘जर’ आणि ‘तर’, ‘जो’ आणि ‘तो’ या जोड्या तर कानालाच सांगतात: ‘जेव्हा तीन नंबरचा बावटा लागतो, तेव्हा होड्या वर ओढतात.’ (हा बावटा म्हणजे बंदरावर लागणारी वादळाच्या इशाऱ्याची खूण.) यातला स्वल्पविराम कुठे द्यायचा, हे बंदरावरच्या मुलाला विचारावेच लागत नाही.

यादीतला स्वल्पविराम सर्वांत सोपा समजला जातो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्षही सर्वांत अधिक होते. त्यासाठी मी मुलांना बाजाराच्या चिठ्ठ्या आणायला सांगत असे. एका चिठ्ठीत ‘बोंबील सुके बांगडे’ एवढेच होते. सुके कोण, बोंबील की बांगडे? स्वल्पविराम ‘बोंबील’नंतर दिला तर बांगडे सुके, ‘सुके’नंतर दिला तर बोंबील सुके, आणि घरी जाऊन आईचे बोलणे कोणी खायचे ते त्यावर ठरणार. दुसऱ्या चिठ्ठीत ‘आंबा पोळी भाजी’ असे होते. त्यातून आंबापोळी आणि भाजी निघते, आंबा आणि पोळीभाजी निघते, तीन वेगळे जिन्नसही निघतात. जोडशब्द जोडून लिहिणे आणि स्वल्पविराम देणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत, हे अशा चिठ्ठीवर पाच मिनिटांत समजते. हाकेचेही तसेच. अनेकवचनात ‘मुलांनो’ मधला ‘नो’ हाक सांगतो, पण एकवचनात ‘काका’, ‘आजी’, ‘बाबा’ हे शब्द हाकेत जसेच्या तसे राहतात, म्हणून ‘काका आले’ आणि ‘काका, आले!’ यांतला सगळा फरक त्या एका टिंबाच्या शेपटीवर लटकलेला असतो. (काका भाजीच्या दुकानात उभे असतील तर आणखी तिसराच अर्थ निघतो, आणि मुलांना तोच सर्वांत आवडतो.)

मोठ्यांचे लिहिणे मुलांपेक्षा फार बरे असते असे नाही. दोन वर्षांपूर्वी आषाढात माझ्या नातीच्या शाळेतून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना आली: ‘मुलांनी रेनकोट छत्री वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणाव्यात’. शेजारच्या आजोबांनी सूचना शब्दशः पाळली आणि रेनकोट, छत्री व वह्या एकाच पिशवीत नीट बांधून दिल्या. पिशवी कोरडी पोचली, पोर नखशिखांत भिजले. ही सूचना मी संध्याकाळी पडवीतल्या मुलांपुढे ठेवली आणि स्वल्पविराम देऊन दुरुस्त करायला सांगितले. कुठेही दिला तरी ती दुरुस्त होईना. शेवटी एकाने तिची दोन वाक्ये केली: ‘मुलांनी रेनकोट किंवा छत्री घेऊन यावे. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घालाव्यात.’ मोडक्या वाक्याला स्वल्पविरामाचे ठिगळ लागत नाही, हे कळणे हाही स्वल्पविरामाच्या पाठाचाच भाग आहे, आणि म्हणूनच वाक्याचे प्रकार एका महिन्यात व विरामचिन्हे दुसऱ्या महिन्यात, अशी जी विभागणी नियोजनात केली जाते, ती मला पटत नाही.

हे चिन्ह आपल्या भाषेत तसे नवखेच आहे, हेही लक्षात घ्यायला हवे. आमच्या घरच्या जुन्या पेटाऱ्यात मोडीतले काही कागद आहेत. ओळ आधी आखलेली, अक्षरे तिला लोंबकळणारी, शब्द शब्दाला चिकटलेला आणि विरामचिन्ह औषधालाही नाही. पोथ्यांत दंड असे, पण तो मुख्यतः श्लोकाचा किंवा ओवीचा चरण संपल्याचे सांगे. इंग्रजी धर्तीची चिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकात रुळली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली छापले गेले आणि मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली ती १८५० साली. आमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा कँडींच्या पुस्तिकेला अजून अठरा वर्षे अवकाश होता. जी भाषा इतकी शतके कानावर आणि ओठांवर चालली, तिच्या मुलांना आधी कान आणि मग चिन्ह या क्रमानेच नेले पाहिजे. आपण नेमके उलट करतो: चिन्हाचे नाव आधी, आकृती नंतर आणि आवाज कधीच नाही.

आवाजाला वर्गात जी थोडी जागा होती, तीही आता घड्याळ खात आहे. ‘निपुण भारत’ अभियान २०२१ साली सुरू झाले, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हा त्याचा हेतू उत्तम आहे, आणि त्यात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द व तिसरीसाठी किमान ६० शब्द असे वाचनाचे लक्ष्य आहे. हे वाचन अर्थासह व्हावे असेच तिथे म्हटलेले आहे. पण मोबाइलचे घड्याळ लावून समोर कोणी बसले की अर्थ मोजता येत नाही आणि शब्द मोजता येतात. मग मूल स्वल्पविराम गिळते, पूर्णविरामावरून उडी मारते आणि प्रश्नही विधानाच्याच सुरात उरकते, कारण थांबलेला प्रत्येक क्षण त्याच्या हिशेबातून वजा होतो. माझ्या पडवीतली एक मुलगी मिनिटाला ऐंशीच्या वर शब्द वाचते आणि ‘‘आई म्हणाली, ‘नको’ ’’ हे ती ‘आई म्हणाली नको’ असे वाचते, जणू आईच नको झाली आहे. मोजायचेच असेल, तर मुलाने किती ठिकाणी योग्य थांबा घेतला हेही मोजावे. ऐकणाऱ्याला त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही.

शिक्षकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. कोकणातल्या वाडीवस्तीवरच्या शाळेत दोन-तीन इयत्ता एका खोलीत आणि एकाच शिक्षकापुढे बसतात. एका इयत्तेला तोंडी पाठ चालू असताना दुसरीला गप्प बसवण्यासाठी तक्ता आणि रिकाम्या जागा यांचाच आधार असतो, आणि मीही तो घेतला आहे. पण चौथीपर्यंतच्या चाचणीत ‘खालीलपैकी आज्ञार्थी वाक्य कोणते’ असे विचारण्याऐवजी चिन्हे काढून टाकलेला सात-आठ ओळींचा संवाद द्यावा, कोण कोणाशी बोलत आहे ते वर लिहावे आणि मुलाला चिन्हे भरायला सांगावी, एवढे तरी करता येईल. एखाद्या ठिकाणी दोन उत्तरे बरोबर निघतील आणि तपासणाऱ्याला विचार करावा लागेल. तो त्याने करावा. नावे नंतर आली तरी शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावपुस्तिका ती महिनाभरात घोटवून घेतातच. सेमी-इंग्रजीच्या वर्गांत आणखी एक सूचना हवी: ‘काल संध्याकाळी, आम्ही देवळात गेलो’ यातला स्वल्पविराम इंग्रजीच्या पाठातून आलेला आहे, मराठीला तिथे त्याची गरज नाही.

शेवटी, संपादक महोदय, एक विनंती आपल्याकडेही आहे. माझ्या पडवीतली मुले आपल्या दैनिकातला उतारा वाचतात, आणि एकाच अंकात त्यांना ‘ते म्हणाले, की’, ‘ते म्हणाले की,’ आणि ‘ते म्हणाले की’ अशा तीन तऱ्हा सापडल्या. तिन्ही कात्रणे त्यांनी वहीत चिकटवली आहेत आणि बरोबर कोणते हे मला विचारत आहेत. मला तिसरी तऱ्हा बरी वाटते, कारण ‘की’ स्वतःच थांबा देतो. या पत्रात मात्र मी एके ठिकाणी ‘की’च्या आधी स्वल्पविराम दिला आहे आणि एके ठिकाणी दिलेला नाही, तेव्हा माझाही हात पुरता बसलेला नाही. आपण यांतली कोणती तरी एक तऱ्हा ठरवून वर्षभर पाळली आणि ती कोणती हे या सदरात एकदा छापले, तर त्या मुलांना काय सांगायचे हे मला कळेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग